लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजीन वगैरे: परच्यावर न लिहिलेलं

दवाबाजारवाला (धागाकर्ता)

बायपोलरच्या (कधी उन्माद म्हणजे अतिउत्साहाचा झटका, कधी नैराश्य असा मनाचा आजार) गोळ्यांबद्दल वेगवेगळ्या धाग्यांवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी. काउंटरवर येणाऱ्या परच्यावर, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, गोळीचं नाव, १-०-१ आणि ‘३० दिवस’ एवढंच असतं. गडबड होते ती बहुतेक वेळा गोळीच्या आजूबाजूच्या गोष्टींत: पाणी, मीठ, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, तपासणीची वेळ. हा धागा त्याच गोष्टींसाठी. ‘माझा डोस बरोबर आहे का’ हे इथे कुणी विचारू नये, कुणी सांगूही नये.

आधी गट, थोडक्यात. मूड स्टॅबिलायझर म्हणतात ती मुख्य चार: लिथियम, व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपीन, लॅमोट्रिजीन. शेवटची तीन मुळात फिटची औषधं, त्यामुळे घरचे नाव शोधतात आणि ‘हिला फिट कधी आली होती?’ म्हणून धास्तावतात. दुसरा गट ओलॅन्झापीन, क्वेटियापीन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, ल्युरासिडोन, कॅरिप्राझीन या अँटिसायकोटिक गोळ्यांचा. उन्माद उतरवायला हा गट लवकर लागू पडतो. क्वेटियापीन आणि ल्युरासिडोन बायपोलरच्या नैराश्यावरही देतात.

लिथियम यांत सगळ्यांत जुनं. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, अमेरिकेत १९७० साली मंजुरी मिळाली. आजार पुन्हा उलटू नये आणि आत्महत्येचा धोका कमी व्हावा, या दोन्ही बाबतींत त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या गोळीचा नाही. अडचण अशी की गुणाची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर फार थोडं. देखभालीसाठी रक्तात साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रतिलिटर, तीव्र उन्मादात ०.८ ते १.०, क्वचित त्याहून थोडं वर. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात आणि २ च्या पुढे जिवावर बेतू शकतं. वयस्करांना याहून कमी पातळीलाही त्रास होतो.

लिथियम यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं. मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. पुढचे निम्मे नियम यातूनच निघतात.

सगळ्यांत जास्त घोळ दुखण्याच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड या गोळ्यांनी लिथियम अंगात अडकतं आणि पातळी चढते. लोक सांगतात ‘पॅरासिटामॉलच घेतली’, आणि पट्टी बघावी तर कॉम्बिफ्लॅम, ज्यात आयबुप्रोफेन आहे, किंवा झिरोडॉल-पी, ज्यात ॲसिक्लोफेनॅक. नुसतं पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलो, चालतं. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा: पॅरासिटामॉलच्या वर किंवा खाली दुसरं नाव दिसलं तर ती पट्टी बदलून घ्या. गुडघ्याला थोडंसं मलम चोळलं तर सहसा प्रश्न येत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात तापाला म्हणून कमरेत मिळणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मात्र गोळीइतकंच मोजायचं.

दुसरा घोळ बीपीचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल पातळी वाढवतात. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी औषधं त्याहून जास्त, पाव ते दोन पंचमांशापर्यंत. आणि आपल्याकडे टेल्मिसार्टनच्या नावापुढे अनेकदा ‘एच’ किंवा ‘सीटी’ लागलेलं असतं, म्हणजे दोन्ही एकाच गोळीत आले. ॲम्लोडिपीनचा हा त्रास नाही. बीपीवाल्या डॉक्टरांपुढे दुसरी फाईल नसते, तेव्हा लिथियम चालू असल्याचं तुम्हीच सांगा, न विचारता.

---

लाल_झाकण

लॅबच्या बाजूने भर घालते.

लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला. दिवसातून दोनदा घेत असाल तर रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही, ती डब्यात घालून सोबत न्यायची आणि रक्त दिलं की लगेच घ्यायची. गोळी घेऊन दोन तासांनी दिलेल्या रक्ताचा आकडा भलताच चढा येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस उतरवतात. उलट, १८-२० तासांनी दिलं तर आकडा खोटा कमी येतो, ते जास्त वाईट, कारण मग डोस वाढतो. म्हणून चिठ्ठीवर दोन वेळा लिहून घ्या: शेवटची गोळी किती वाजता, रक्त किती वाजता. आमच्याकडे अर्ध्या नमुन्यांवर हे लिहिलेलंच नसतं.

यासाठी उपाशी राहायची गरज नाही. तासन् तास पाण्याशिवाय तर अजिबात राहू नका. थायरॉइड, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) त्याच सुईत होतात.

डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी रक्त देऊन उपयोग नाही. पातळी स्थिरावायला ५ ते ७ दिवस लागतात.

आता ट्यूब. लिथियमचं रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं. हिरव्या झाकणाच्या बऱ्याच ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन असतं, म्हणजे ट्यूबमध्येच लिथियम! त्यात घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट पेशंट धडधाकट असताना १.५, २, ३ असा काहीही येऊ शकतो. पेशंटला कसलाच त्रास नाही आणि आकडा भयंकर, असं दिसलं की आधी ट्यूब कोणती होती ते विचारा. पण लक्षणं असतील तर ट्यूबच्या चौकशीत वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या पोऱ्याला हे आधीच सांगावं. सगळ्या लॅब ही तपासणी स्वतः करत नाहीत, नमुना बाहेर जातो. रिपोर्ट त्याच दिवशी हवा असेल तर ‘तुमच्याकडेच होते ना?’ हे विचारूनच रक्त द्या.

अजून एक, जे फारसं कुणी सांगत नाही. व्हॅल्प्रोएटने केस गळतात, म्हणून लोक १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी सुरू करतात. बायोटिनमुळे काही मशिनवर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी येतं. लिथियमने थायरॉइड मंदावलेलं असलं तरी रिपोर्ट नॉर्मल दिसतो, आणि पेशंटची सुस्ती नैराश्याच्या खात्यात जाते. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

---

सुदामानगरकर

ताई, ट्यूबचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

तपासण्या किती दिवसांनी करायच्या? घरोघरी भांडण याच्यावरून असतं. पेशंट म्हणतो मी बरा आहे, कशाला टोचून घेऊ.

---

लाल_झाकण

सुरुवातीला दर आठवड्याला, पातळी बसेपर्यंत. मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, त्यानंतर सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी. वय जास्त, मूत्रपिंड नाजूक किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तीन महिन्यांचंच ठेवतात. क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. कॅल्शियम लोक विसरतात. लिथियमने पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम वाढू शकतं आणि कॅल्शियम हळूहळू चढतं.

व्हॅल्प्रोएटसाठी सुरू करण्याआधी आणि पहिल्या सहा महिन्यांत लिव्हरची तपासणी आणि प्लेटलेटसह रक्तगणना. पातळी ५० ते १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पण या आकड्याला लिथियमच्या आकड्याइतकं वजन नाही.

---

ताटवाटी

आहाराकडून लिहिते, कारण लिथियमवाल्यांना ‘पथ्य काय’ म्हटलं की कुणीतरी ‘मीठ कमी करा’ सांगून मोकळं होतं. मीठ कमीही करायचं नाही आणि जास्तही नाही, रोज सारखं ठेवायचं. अचानक मीठ तोडलं की पातळी चढते, अचानक वाढवलं की उतरते. बीपीमुळे खरंच मीठ कमी करायचं असेल तर आधी मानसोपचारवाल्यांना सांगून, हळूहळू आणि मध्ये एक रक्ततपासणी करून. लो सोडियम मीठ घरात आणणं म्हणजेसुद्धा मीठ तोडणंच.

उपास. सैंधव चालतं का, असं विचारतात. सैंधव म्हणजेही बहुतांश सोडियम क्लोराइडच, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी खाऊन केलेल्या उपासाने सहसा बिघडत नाही, पाणी-ताक नेहमीसारखं चालू असेल तर. धोका दोन प्रकारच्या उपासांचा: अळणी आणि निर्जळी. हरतालिकेचा निर्जळी उपास, रात्रीचं जागरण आणि सोबत लिथियम, हे एकत्र करूच नये. देवाला पाणी पिऊन केलेलं व्रत चालतं, सासूबाईंना डॉक्टरांकडून सांगवावं लागतं इतकंच!

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. बांधकामावर, शेतावर, किंवा दुपारी दुचाकीवर फिरायचं काम असेल तर घामातून मीठ-पाणी दोन्ही जातं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही. ताकात चिमूटभर मीठ, लिंबू सरबत, जेवण वेळेवर. दिवसाला अडीच-तीन लिटर द्रव पोटात जायला हवा, मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या कारणाने पाणी मोजून दिलेलं असेल त्यांना हा हिशेब लागू नाही.

चहा-कॉफीने लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याने एका सोमवारी संकल्प करून चहा बंद केला तर पातळी वर जाते. सोडायचा तर आठवड्याला एकेक कप कमी.

ईनो किंवा खाण्याचा सोडा वारंवार घेणाऱ्यांची पातळी उतरते. इसबगोलमुळे लिथियम कमी शोषलं जाऊ शकतं, म्हणून त्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. रात्री जेवणानंतर एका हातात गोळी, दुसऱ्या हातात इसबगोलचा पेला हे बरेच जण करतात.

आता ल्युरासिडोन. ही गोळी पोटात किमान ३५० कॅलरी असतानाच नीट शोषली जाते, रिकाम्या पोटी निम्मी वाया जाते. ‘दुधाबरोबर घेतली’ हे पुरत नाही, एका कप दुधात तेवढ्या कॅलरी नसतात. दोन-तीन तूप लावलेल्या पोळ्या, वाटीभर वरण, भाजी एवढं जेवण हवं. शेव-कांदा घातलेली पोह्यांची भरलेली प्लेट आणि वर दोन जिलब्या घेतल्या तरी हिशेब बसतो, पण रोज तसं करा असं मी म्हणत नाहीये. एकादशीला रात्री फळावर राहणाऱ्यांनी त्या दिवशी गोळी मोठ्या फराळाबरोबर घ्यावी. क्वेटियापीनचं उलट: एसआर-एक्सआर (औषध हळूहळू सोडणारा) प्रकार रिकाम्या पोटी किंवा हलकं खाऊन, भरपेट जेवणावर घेतला तर एकदम जास्त चढतो.

---

मानसोपचार_निवासी

ताटवाटीताईंचा प्रतिसाद ओपीडीच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

लॅमोट्रिजीनबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. ही गोळी मुख्यतः नैराश्याचे झटके परत येऊ नयेत म्हणून असते. चालू उन्मादावर तिचा उपयोग नाही. चढवायची इतकी हळू की लोक कंटाळतात: पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, पाचव्या आठवड्यात १००, मग २००. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर सगळं निम्मं, म्हणजे पहिले दोन आठवडे २५ ची गोळी एक दिवसाआड, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजीन अंगात जवळपास दुप्पट साचतं. सोबत कार्बामॅझेपीन असेल तर उलटा हिशेब. हे डोस ठरवायला सांगत नाहीये. ‘डॉक्टर उगाच महिनाभर लहान गोळी देऊन फेऱ्या मारायला लावतात’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतोय.

इतकं हळू का? वेगाने चढवली तर त्वचेची गंभीर प्रतिक्रिया, स्टीव्हन्स-जॉन्सन, होण्याचा धोका वाढतो. ती दुर्मीळ आहे आणि बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत येते. त्या काळात पुरळ दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, चेहऱ्यावर सूज, कातडी दुखणं किंवा सुटणं असेल तर ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टी. बहुतेक पुरळ साधंच निघतं, पण ते घरी बसून ठरवायचं नाही. म्हणूनच त्या दोन महिन्यांत नवा साबण, केसांचा रंग, काळी मेंदी असले प्रयोग नकोत. नाहीतर पुरळ कशाचं हेच कळत नाही आणि चांगली लागू पडणारी गोळी कायमची बंद होते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: २०० वर असलेल्या माणसाची गोळी पाच दिवसांहून जास्त सुटली तर थेट २०० पासून सुरू करायची नाही. पुन्हा २५ पासून. लग्नाला गेलो, पट्टी घरी राहिली, आल्यावर पूर्ववत चालू केली, ही अगदी नेहमीची गोष्ट.

गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन असेल तर लॅमोट्रिजीनची पातळी साधारण निम्म्यावर येते. कार्बामॅझेपीनचं उलट, ते गर्भनिरोधक गोळीलाच निकामी करतं. दोन्ही बाबतींत स्त्रीरोगतज्ज्ञांना औषधाचं नाव सांगायलाच हवं.

---

राजवाडा_ते_छप्पन

पण डॉक्टरसाहेब, लिथियमने किडनी जाते म्हणतात. त्यापेक्षा व्हॅल्प्रोएट बरं ना? त्यात ही मीठ-पाण्याची कटकटच नाही. काय भिया, सगळेच लिथियमच्या मागे लागलेत इथे.

---

मानसोपचार_निवासी

कुणासाठी बरं, हा प्रश्न आहे. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतं, हे खरं. ते वर्षांच्या हिशेबात होतं, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या मूत्रपिंडाच्या तपासण्यांत आधी दिसतं आणि तेव्हा डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं. वारंवार पातळी चढलेल्यांना धोका जास्त, म्हणून वरचं सगळं पुराण. सतत तहान आणि खूप लघवी हा वेगळा त्रास. तो बऱ्याच जणांना होतो. त्यावर पाणी कमी पिणं हा उपाय नाही, ती तर सरळ विषबाधेची वाट. दिवसाचा डोस रात्री एकदाच देऊन अनेकदा फरक पडतो, पण तो बदल डॉक्टरांनी करायचा.

आता व्हॅल्प्रोएट. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध शक्यतो द्यायचंच नाही. गरोदरपणात घेतलं तर साधारण दहात एका बाळात जन्मजात व्यंग आणि दहात तीन-चार मुलांत बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी दिसतात. फॉलिक ॲसिडने हा धोका पुसला जात नाही. शिवाय पीसीओएस (बीजकोश आणि पाळीचा त्रास) आणि वाढणारं वजन. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कुणालाही, पुरुषांनासुद्धा, ते नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची सहमती लागते. आपल्याकडे मात्र विशीतल्या मुलींच्या परच्यांवर ते अजूनही सर्रास दिसतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की पालकांनी ‘दुसरा पर्याय आहे का?’ असं तोंडावर विचारावं. हे वाचून कुणी आज रात्रीची गोळी बंद करू नये. गरोदर राहिलेली असाल तरी आपल्या मनाने थांबवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

पन्नाशीच्या पुरुषाला, मूत्रपिंड आधीच कमजोर असताना, व्हॅल्प्रोएट उत्तम ठरू शकतं. म्हणून ‘कोणतं बरं’ला एक उत्तर नाही.

---

दवाबाजारवाला

व्हॅल्प्रोएटच्या पट्टीबद्दल दोन गोष्टी. क्रोनो (हळूहळू सुटणाऱ्या) ५०० च्या पट्टीवर ‘सोडियम व्हॅल्प्रोएट ३३३ मिग्रॅ, व्हॅल्प्रोइक ॲसिड १४५ मिग्रॅ’ असं छापलेलं असतं. बेरीज ४७८ येते म्हणून लोक परत घेऊन येतात. दोन्ही मिळून ५०० मिग्रॅ सोडियम व्हॅल्प्रोएटच्या बरोबरीचं, फसवणूक नाही. पण डायव्हॅलप्रोएक्सचे डीआर (उशिरा सुटणारा) आणि ईआर (हळूहळू सुटणारा) हे दोन प्रकार एकास एक बदलता येत नाहीत. तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये ईआरमधून ८ ते २० टक्के कमी औषध रक्तात जातं. ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं ऐकलं तर नावाच्या पुढची ती दोन अक्षरं जुळतात का बघा. लिथियमचंही तसंच: साधी ३०० ची तीन आणि एसआर ४०० ची दोन यांत १०० मिग्रॅचा फरक आहे, शिवाय सुटण्याचा वेग वेगळा. बदल झालाच तर आठवड्याने पातळी.

दुसरं, सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात पट्टीतून काढून सात कप्प्यांच्या डब्यात भरलेल्या गोळ्या चिकट होतात, फुगतात. डबा वापरायचाच असेल तर पट्टी कात्रीने कापून, गोळी वेष्टनासकट ठेवा. एसआर, ईआर, क्रोनो गोळ्या कुटून दुधात घालायच्या नाहीत. पेशंट गोळी घेत नाही म्हणून घरचे वरणात मिसळतात, त्यात सगळा डोस एकदम सुटतो. शौचात गोळीचं पांढरं टरफल दिसलं तर घाबरू नका, क्रोनोचं रिकामं कवच कधीकधी तसंच बाहेर पडतं. जुलाब होत असताना दिसलं तर मात्र डॉक्टरांना कळवा.

---

सुदामानगरकर

दोन-दोन, तीन-तीन औषधं एकदम का देतात? आणि ओलॅन्झापीनने वाढणाऱ्या वजनाचं काय करायचं?

---

मानसोपचार_निवासी

लिथियमला रंग दाखवायला आठवडाभर तरी लागतो, कधी दोन-तीन आठवडे. उन्मादात तेवढा वेळ नसतो, माणूस चार-चार रात्री झोपलेला नसतो. म्हणून ओलॅन्झापीन किंवा रिस्पेरिडोन सोबत, आणि झोपेसाठी थोडे दिवस लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम. ही झोपेची गोळी काही आठवड्यांत उतरवून बंद करायची असते. दोन वर्षांनंतरही ती परच्यावर पुढे सरकत असेल तर विचारा, ‘ही अजून का?’

वजन: गोळी सुरू करताना वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड लिहून ठेवा. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात. साखर-लिपिड तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. पहिल्याच महिन्यात वजन पाच टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६३ झालं, तर पुढे ते बरंच वाढणार याची ती खूण. तेव्हाच बोला, पंधरा किलो चढल्यावर नाही. गोळी बदलता येते, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही देतात.

ॲरिपिप्राझोल, कॅरिप्राझीनने वजन कमी वाढतं, पण काहींना अस्वस्थता येते. पाय जागच्या जागी ठरत नाहीत, येरझाऱ्या सुरू होतात. घरच्यांना वाटतं आजार उलटला आणि ते जास्त गोळी मागतात. हा गोळीचाच परिणाम असतो, डोस कमी केल्यावर उतरतो. ‘मन अस्वस्थ की पाय अस्वस्थ?’ एवढं विचारलं तरी बऱ्याचदा उलगडा होतो.

---

दवाबाजारवाला

डॉक्टरसाहेबांच्या यादीत दोन अदृश्य गोष्टी जोडतो.

विडी-सिगारेटच्या धुराने ओलॅन्झापीन लवकर मोडतं. दहा दिवस वॉर्डात विडी बंद, डोस त्या हिशेबाने बसला, घरी येऊन पुन्हा बंडल सुरू झालं की तीच गोळी अपुरी. उलट बाजूने, विडी सोडली की तीच गोळी जड होते, दिवसभर गुंगी. हे धुराचं काम, निकोटिनचं नाही, त्यामुळे गुटख्याने डोस बदलत नाही. (गुटखा खा असा अर्थ काढू नये.)

दुसरी गोष्ट नायट्याची. त्वचेच्या डॉक्टरांकडून इट्राकोनाझोल ही बुरशीवरची गोळी घेणारे आपल्याकडे पुष्कळ. त्याने ल्युरासिडोन आणि क्वेटियापीनची पातळी भरमसाट वाढते. ल्युरासिडोनबरोबर ते द्यायचंच नसतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. कार्बामॅझेपीन उलट दिशेने, ते या दोन्ही गोळ्या जवळपास निकामी करतं.

---

ताटवाटी

पावसाळ्यात डेंग्यू आणि व्हॅल्प्रोएट यांचंही सांगा ना कुणीतरी.

---

मानसोपचार_निवासी

बरोबर. व्हॅल्प्रोएटनेच प्लेटलेट कमी असू शकतात. तापात प्लेटलेट घसरल्या तर फिजिशियनला हे माहीत असायला हवं. जुना रिपोर्ट सोबत ठेवा, म्हणजे घसरण कुठून झाली ते कळेल. आणि दवाखान्यात भरती असताना मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लागलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. ते घरच्यांनी थांबवायचं नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

लिथियमच्या विषबाधेची लक्षणं एकदा नीट लिहितो. हाताला बारीक थरथर, चहाचा कप धरताना जाणवेल इतकी, ही पुष्कळांना असते आणि तेवढ्याने घाबरायचं नाही. पण थरथर जाड झाली, म्हणजे हात उडू लागले, चाल झोकांड्या खाणारी झाली, जीभ जड, उलट्या-जुलाब, गुंगी, गोंधळलेपण, यांतलं काही दिसलं की पुढची गोळी न देता थेट मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी, जिथे डायलिसिसची सोय आहे. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, बीपीच्या आणि दुखण्याच्यासुद्धा. घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका. साध्या उलट्या-जुलाबांतही पुढची लिथियमची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, तोवर ओआरएस चालू ठेवा.

बरं वाटतंय म्हणून लिथियम एकदम सोडणं हे दुसरं टोक. त्याने उन्माद परत येण्याचा धोका पुढच्या काही महिन्यांत चांगलाच वाढतो. बंद करायचंच ठरलं तर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने लावून उतरवतात. नैराश्य आलं म्हणून शेजारच्या डॉक्टरांकडून नुसती एस्सिटालोप्राम घेणंही धोक्याचं. सोबत मूड स्टॅबिलायझर नसेल तर त्यातून उन्माद चढू शकतो. नवरात्रात गरब्याची नऊ जागरणं आणि शिवरात्री-होळीची भांग, दोन्ही याच खात्यात.

---

राजवाडा_ते_छप्पन

पटलं, लिथियमला उगाच नावं ठेवली. एक सांगा, खर्चाचं काय? आणि रात्री-बेरात्री कुणाला विचारायचं?

---

दवाबाजारवाला

लिथियम आणि साधं व्हॅल्प्रोएट स्वस्त आहेत. नव्या अँटिसायकोटिक गोळ्यांना पैसे लागतात. जनऔषधी केंद्रात विचारताना कंपनीचं नाव सांगू नका, औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि एसआर-ईआर सांगा. आपल्या इंदुरात सरकारीत एमवाय हॉस्पिटलची ओपीडी आहे आणि बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय. विम्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं, तेव्हा नाकारलं तर कलम नमूद करून लेखी कारण मागा. फोनवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र आणि फुकट.

---

सुदामानगरकर

शेवटचा प्रश्न. एखादी गोळी विसरली तर? आणि पुण्याला वगैरे जाताना काय काळजी?

---

दवाबाजारवाला

विसरलेली गोळी दोन-चार तासांत आठवली तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही, लिथियमची तर नाहीच. लगोपाठ दोन-तीन दिवस सुटली तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि लॅमोट्रिजीनचं वर लिहिलंच आहे.

प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली नाही. जितके दिवस जाणार त्याहून आठवडाभराच्या जास्त घ्या. दुसऱ्या गावात तीच कंपनी आणि तोच एसआर मिळेलच असं नाही, आणि परच्याशिवाय कुणी देणारही नाही. परच्याचा आणि शेवटच्या लिथियम रिपोर्टचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा, पेशंटच्या आणि सोबतच्या.

---

लाल_झाकण

आणि रिपोर्टच्या फोटोत वरचा भाग कापू नका. रक्त घेतल्याची वेळ तिथेच असते.